रक्तातला आकडा आणि कमरेचा घेर
(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळाने आरोग्यावर व्याख्यान ठेवले आणि त्यासाठी मला पाचारण केले याबद्दल मी प्रथम आपले आभार मानतो. कार्यकर्त्यांनी विषय सुचवला तो असा : होमोसिस्टीन, इन्शुलिन रेझिस्टन्स आणि हृदयविकाराचा धोका. यातले पहिले दोन शब्द आपल्यापैकी अनेकांना माहीत झाले ते रक्ततपासणीच्या कागदावरून. हल्ली ‘संपूर्ण तपासणी’ या नावाखाली पुष्कळ चाचण्या एकदम केल्या जातात. कागद हाती येतो, त्यात होमोसिस्टीनसमोरचा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो आणि माणूस घाबरून जातो. त्याच माणसाची कंबर किती आहे, रक्तदाब किती आहे, खिशात तंबाखूची पुडी आहे की नाही, हे मात्र कोणी विचारलेले नसते. म्हणून या गोष्टी नेमक्या काय आहेत, त्यांपैकी कशाला किती भ्यायचे आणि आपल्या हातात काय आहे, एवढे साध्या भाषेत सांगण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

हा प्रश्न आपल्या दारी का आला?

‘इंटरहार्ट’ या नावाचा ५२ देशांतील एक मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील भारत आणि शेजारी देशांतल्या रुग्णांची माहिती २००७ साली स्वतंत्रपणे मांडण्यात आली. पहिला हृदयविकाराचा झटका आलेल्या आपल्याकडील रुग्णांचे सरासरी वय ५३ वर्षे निघाले. इतर देशांतील रुग्णांचे सुमारे ५९. म्हणजे हा आजार आपल्याला जवळजवळ सहा वर्षे आधी गाठतो.

बंधुभगिनींनो, ५३ हे वय काय असते ते आपण जाणता. घराचे हप्ते संपलेले नसतात. मुलीचे शिक्षण चालू असते. आपल्या समाजात तर अनेक घरांत शिकून नोकरीला लागलेला तो पहिलाच माणूस असतो. गावाकडचे आईवडील, धाकट्या भावाची फी, विधवा बहिणीचा संसार, सारे त्याच्या पगारावर उभे असते. ज्यांनी शेतात, गिरणीत, गोदीत अंग मोडून काम केले त्यांची मुले आज कार्यालयात, बँकेत, शाळेत खुर्चीवर बसतात. ही प्रगती मोठ्या कष्टाने मिळाली आहे आणि तिचा अभिमान बाळगलाच पाहिजे. परंतु कष्ट थांबले तरी ताटातला भात आणि कपातली साखर कमी झाली नाही. त्या प्रगतीची फळे चाखायच्या वयात माणूस जाऊ नये, यासाठी हा सारा खटाटोप आहे.

त्याच अभ्यासाने असेही दाखवून दिले की झटक्याच्या एकूण धोक्यापैकी सुमारे ९० टक्के वाटा अवघ्या नऊ गोष्टींशी निगडित आहे. तंबाखू-धूम्रपान, रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळे-भाज्यांची कमतरता आणि व्यायामाचा अभाव या त्यांतल्या प्रमुख होत. ही यादी लक्षात ठेवूनच आपण पुढे जाऊ.

होमोसिस्टीन म्हणजे काय?

आपण डाळ, दूध, अंडी, मासे, मटण असे जे प्रथिनयुक्त अन्न खातो त्यात मेथिओनिन नावाचे एक अमिनो आम्ल असते. शरीर ते वापरते तेव्हा मधल्या पायरीवर होमोसिस्टीन तयार होते. ते साठून राहावे अशी शरीराची योजना नाही. फोलेट आणि ब-१२ या दोन जीवनसत्त्वांच्या मदतीने त्याचे पुन्हा मेथिओनिन केले जाते, किंवा ब-६ च्या मदतीने त्याचे दुसऱ्या उपयुक्त पदार्थात रूपांतर होते. ही जीवनसत्त्वे कमी पडली की पुढची वाट बंद होते आणि होमोसिस्टीन रक्तात तुंबते. साधारणतः लिटरला ५ ते १५ मायक्रोमोल हे प्रमाण योग्य मानले जाते. मूत्रपिंडाचे काम मंदावल्यास, थायरॉइड कमी असल्यास आणि धूम्रपान करणाऱ्यांतही ते वाढते.

याचा हृदयाशी संबंध कसा जोडला गेला, तो इतिहास ऐकण्यासारखा आहे. होमोसिस्टीन रक्तात अतोनात वाढते असा एक दुर्मिळ आनुवंशिक आजार १९६२ साली प्रथम वर्णिला गेला. पुढे अमेरिकेतील डॉ. किल्मर मॅककली यांनी अशा आजाराने दगावलेल्या दोन बालकांच्या शवतपासणीचा अभ्यास केला. एक १९३३ साली नोंदला गेलेला आठ वर्षांचा मुलगा, दुसरे अवघ्या दोन महिन्यांचे बाळ. दोघांच्या रक्तवाहिन्या म्हाताऱ्या माणसासारख्या जाड आणि कठीण झाल्या होत्या. दोघांतील मूळ दोष निरनिराळे होते, पण होमोसिस्टीन दोघांतही वाढलेले होते. त्यावरून १९६९ साली त्यांनी असे मत मांडले की हे द्रव्यच रक्तवाहिन्यांना इजा करीत असावे. त्या काळी सारे लक्ष कोलेस्टेरॉलवर होते. त्यांच्या म्हणण्याकडे दुर्लक्ष झाले आणि त्यांना आपली जागाही सोडावी लागली.

१९९० नंतर वारे फिरले. १९९५ साली अनेक अभ्यासांची एकत्र तपासणी होऊन असा निष्कर्ष निघाला की होमोसिस्टीन ५ मायक्रोमोलने वाढले, तर हृदयविकाराचा धोका कोलेस्टेरॉल २० मिलिग्रॅमने वाढल्याइतका वाढतो. मग सर्वांना वाटले, उपाय तर सोपाच आहे. स्वस्तातली जीवनसत्त्वाची गोळी द्यावी, होमोसिस्टीन उतरेल आणि झटके टळतील.

आकडा उतरला, पण झटके टळले का?

या आशेची कसोटी पाहण्यासाठी मोठे प्रयोग झाले. ‘होप-२’ या प्रयोगात रक्तवाहिन्यांचा विकार किंवा मधुमेह असलेले ५,५२२ रुग्ण होते. निम्म्यांना सरासरी पाच वर्षे फॉलिक अॅसिड, ब-६ आणि ब-१२ एकत्र देण्यात आले, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. नॉर्वेमध्ये झटका येऊन गेलेल्या ३,७४९ रुग्णांवर असाच प्रयोग झाला. दोन्हींचे निकाल २००६ साली आले. होमोसिस्टीन खरोखर उतरले होते. परंतु ‘होप-२’ मध्ये गोळी घेणाऱ्यांपैकी १८.८ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी १९.८ टक्के लोकांना झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू आलाच. एवढ्या फरकाला शास्त्रात फरक म्हणत नाहीत. नॉर्वेतही फायदा दिसला नाही.

पक्षाघाताच्या बाबतीत मात्र थोडी वेगळी गोष्ट आहे. चीनमध्ये उच्च रक्तदाबाच्या २०,७०२ लोकांवर झालेला प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. तेथे रक्तदाबाच्या गोळीबरोबर फॉलिक अॅसिड दिल्याने पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण ३.४ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आले. तेथील लोकांच्या आहारात फॉलिक अॅसिड मिसळलेले धान्य नसते, हे ध्यानात घ्यावे. तेव्हा ज्याच्या अंगी मुळातच कमतरता आहे त्याला ती भरून काढल्याचा लाभ होतो, असे त्यातून दिसते.

थोडक्यात सांगायचे म्हणजे होमोसिस्टीन हा धूर आहे. धूर दिसला तर आग कोठे आहे ते शोधावे. नुसता धूर पंख्याने घालवला म्हणजे आग विझत नाही. म्हणून निव्वळ हृदय वाचवण्यासाठी महिनोन्महिने जीवनसत्त्वांच्या महागड्या बाटल्या घेणाऱ्याने ते पैसे मुलांच्या दुधा-फळांवर खर्च करावेत. आणखी एक व्यवहारातली गोष्ट सांगतो. रक्त काढल्यावर ते लवकर थंड ठेवून वेगळे केले नाही, तर रक्तपेशींतून होमोसिस्टीन बाहेर येत राहते आणि आकडा खोटा वाढलेला दिसतो. तेव्हा एका कागदावरून घाबरू नये.

इन्शुलिनला दाद न देणारे शरीर

आता दुसरा शब्द. आपण जेवलो की रक्तात साखर येते. स्वादुपिंडातून इन्शुलिन निघते आणि ती साखर स्नायूंच्या व यकृताच्या पेशींत पोचवण्याचे काम करते. पोटात आणि यकृतात चरबी साठू लागली, स्नायू बसून राहिले, की या पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात. दारावर एक थाप पुरत होती तेथे चार थापा माराव्या लागतात. स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन ओतत राहते. अशी वर्षानुवर्षे जातात. या काळात साखर तपासली तर ती ठीकच दिसते आणि माणूस म्हणतो, मला काही झालेले नाही.

पण आत नुकसान चालूच असते. रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढते, एचडीएल नावाचे चांगले कोलेस्टेरॉल उतरते, रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. अमेरिकेतील डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली या सर्व लक्षणांची मोट बांधून दाखवली आणि तिला ‘सिंड्रोम एक्स’ असे नाव दिले. पुढे तिलाच मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणू लागले. शेवटी स्वादुपिंड थकते आणि मधुमेह उघड होतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणानुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले सुमारे १३ कोटी ६० लाख लोक आहेत. यांतील कित्येकांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या साखर वाढण्यापूर्वीच खराब होऊ लागलेल्या असतात.

बारीक दिसणारा, पण चरबी असलेला माणूस

कोणी म्हणेल, हा लठ्ठ आणि श्रीमंत लोकांचा आजार; आमचा त्याच्याशी काय संबंध? याचे उत्तर आपल्या पुण्यातून मिळाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे दोघेही सडपातळ. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली.

याची मुळे आईच्या पोटात आहेत. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू झाला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. अर्धपोटी राबणाऱ्या आईचे बाळ पुढे बसून खाण्याच्या जगात आले की त्याच्या शरीराला ते झेपत नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या उपासमारीची ही एक प्रकारची वसुली आहे. म्हणून पोट किंचित सुटलेला बारीक माणूसही आपल्याकडे सुरक्षित नसतो.

आणि येथेच आजच्या विषयाचे दोन धागे एकत्र येतात. त्याच खेड्यांतील मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांची तपासणी झाली. गरोदरपणी ज्या आयांच्या रक्तात ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत इन्शुलिन रेझिस्टन्स सर्वांत अधिक आढळला. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. याचा अर्थ गरोदरपणात मिळणाऱ्या लोह-फॉलिकच्या गोळ्या टाकून द्याव्यात असा मुळीच नाही. त्या बाळाच्या मज्जारज्जूसाठी आणि आईच्या रक्तासाठी अत्यावश्यक आहेत. अर्थ एवढाच की लेकीसुनांना ब-१२ ही मिळाले पाहिजे. घरात सर्वांना वाढून झाल्यावर उरलेल्या कालवणात भाकरी बुडवून खाणारी सून पुढच्या पिढीचे हृदय घडवीत असते, हे सासू-सासऱ्यांनी ध्यानात धरावे.

ब-१२ ची कमतरता आपल्याकडे किती आहे? पुणे परिसरातील ४४१ पुरुषांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. त्यात खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले असे तिन्ही गट होते. एकूण ६७ टक्क्यांमध्ये ब-१२ कमी आणि ५८ टक्क्यांमध्ये होमोसिस्टीन जास्त आढळले. शहरी मध्यमवर्गात तर हे आकडे ८१ आणि ७९ टक्के होते. म्हणजे आपल्याकडे वाढलेल्या होमोसिस्टीनचा अर्थ बहुतेक वेळा ‘ब-१२ कमी आहे’ एवढाच असतो. ती कमतरता भरून काढलीच पाहिजे. कारण तिच्यामुळे हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, रक्त कमी होते, विस्मरण होते. ब-१२ न तपासता नुसते फॉलिक अॅसिड घेत राहिले तर रक्त सुधारलेले दिसते, पण नसांची हानी चालूच राहते.

ब-१२ हे प्राणिज अन्नातूनच मिळते. रोज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरते. मासे, सुकट-बोंबील, कलेजी, अंडी, दूध, दही यांत ते असते. सुकट खारट असेल तर रक्तदाबाच्या माणसाने ती धुऊन आणि बेताने खावी. काही घरांत श्रद्धेने मांसाहार सोडलेला असतो. त्या निर्णयाचा पूर्ण आदर ठेवून मी सांगतो की त्यांनी रोज दूध-दही घ्यावे आणि डॉक्टरांना विचारून ब-१२ ची गोळी घ्यावी. ती महाग नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांचे ब-१२ कमी होऊ शकते. त्यांनी गोळी बंद न करता तपासणी करून घ्यावी. फोलेटसाठी पालक, चवळी, मूग, हरभरा यांसारख्या पालेभाज्या आणि कडधान्ये आहेतच. फक्त भाजी शिजवून शिजवून तिचा लगदा करू नये.

आपण काय करावे?

पहिली तपासणी घरातच करा. तिला लागतो तो शिंप्याचा टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता घेर मोजा. पुरुषांचा ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटर ही मर्यादा समजा. तिशीनंतर रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल पाहून घ्या. घेर मर्यादेबाहेर, रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक, साखर १०० किंवा अधिक, ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, एचडीएल पुरुषांत ४० च्या व स्त्रियांत ५० च्या खाली, या पाचांपैकी कोणत्याही तीन गोष्टी असतील तर शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले आहे असे समजून लगेच कामाला लागा. यासाठी इन्शुलिनची किंवा होमोसिस्टीनची महागडी चाचणी लागत नाही.

दुसरी गोष्ट चालणे. काम करणारा स्नायू इन्शुलिनच्या मदतीशिवायही साखर ओढून घेतो. रोज अर्धा तास झपाझप चालावे आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे शतपावली करावी. याचा उपयोग होतो याला पुरावा आहे. चेन्नई येथे डॉ. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ लोकांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत नेहमीप्रमाणे राहणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार आणि चालणे यांत सुधारणा करणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. मेटफॉर्मिनच्या गोळीनेही साधारण तेवढाच फायदा झाला. म्हणजे पायांनी गोळीइतकेच काम केले, तेही फुकटात.

तिसरी गोष्ट ताट. भात अर्धा करा, डाळ-उसळ दुप्पट करा, भाजी भरपूर घ्या. चार कप चहात दोन-दोन चमचे साखर म्हणजे दिवसाला आठ चमचे, ती निम्म्यावर आणा. वडापाव, फरसाण, बिस्किटे ही रोजची न्याहारी होऊ देऊ नका. सभा-समारंभात पाहुण्यांना भज्यांऐवजी उकडलेले चणे किंवा शेंगा दिल्या तर कोणाचा अवमान होत नाही. मंडळाने आपल्या कार्यक्रमांपासूनच हा पायंडा पाडावा अशी माझी विनंती आहे.

चौथी गोष्ट तंबाखू. विडी, गुटखा, मिश्री, चुना-तंबाखू यांत डावे-उजवे काही नाही. ज्याने ती सोडली नाही त्याने होमोसिस्टीनची चौकशीच करू नये.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम, अचानक लागलेली धाप यांना ‘गॅस’ म्हणून घरी सोडा पीत बसू नका. मधुमेही माणसांत आणि स्त्रियांत कळ नसतानाही झटका येतो. अशा वेळी १०८ क्रमांकाला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने, ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्या. रुग्णाला जिने चढायला लावू नका. घरातली बाई ‘मला बरे वाटत नाही’ म्हणाली तर स्वयंपाक होईपर्यंत थांबू नका.

मित्रहो, रक्तातल्या एका आकड्यासाठी हजारो रुपये खर्च करण्याची ऐपत आपल्यातल्या अनेकांची नाही, आणि सुदैवाने त्याची गरजही नाही. टेप, रक्तदाबाचे यंत्र आणि साखर तपासण्याचे छोटे यंत्र एवढ्यावर मंडळाला महिन्यातून एक रविवार तपासणी सहज घेता येईल. तरुणांनी नोंदवही ठेवावी, वडीलधाऱ्यांनी रांगेत पहिले उभे राहावे, आणि घरातल्या स्त्रियांना सोबत आणल्याशिवाय कोणी येऊ नये. तो रविवार आजच ठरवावा एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.